कुशीवर निजणारा रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. खडबडीत फळीवरून मला पुढे ढकललं की माझ्या पोटातलं पातं तिची पातळ साल काढतं आणि आतलं गुळगुळीत लाकूड उजेडात येतं. एवढंच माझं काम. माझी मूठ चकचकीत आहे, पण ते पॉलिश नव्हे. एका माणसाच्या तळव्याने ती तशी झाली.

तो माणूस सुतार नव्हता, पाणीखात्यात कारकून होता. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. जुन्या बाजारातून त्यांनी मला आणलं तेव्हा मी गंजलेला होतो. "गंज वरवरचा असतो," असं म्हणून ते माझं पातं दगडावर घासत बसले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

गावाबाहेर त्यांनी घरासाठी जमीन घेतली होती. पण घराची दारं-खिडक्या स्वतःच्या हातांनी करायची त्यांना फार हौस. म्हणून आधी कार्यशाळा उभी राहिली. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि कामाच्या बाकासमोर मोठी खिडकी.

"लोक घर बांधून दार बसवतात. तुझे बाबा दार करून त्याला घर बसवणार," आई मुलीला म्हणायची.

"दार चांगलं असलं की घराला यावंच लागतं," बाबा मान वर न करता म्हणायचे.

मित्रांनो, त्यांना काम करताना तुम्ही बघायला हवं होतं. फळी हाती आली की आधी तिच्यावरून तळवा फिरवायचे, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला वळतात ते कळलं की मगच मला उचलायचे. काम थांबलं की मला कधीही पोटावर ठेवायचे नाहीत. कुशीवर निजवायचे, म्हणजे पात्याची धार बाकाला लागत नाही. निघताना भुसा झाडायचे, मेन स्विच बंद करायचे, कुलूप ओढून बघायचे. थोडं पुढे जायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढायचे.

"बाबा, किती संशय घ्याल? रुसेल ते कुलूप," मुलगी हसायची.

दार झालं, खिडक्या झाल्या. घर मात्र राहून गेलं. कधी मुलीचं शिक्षण आलं, कधी आईचं दुखणं. आणि एका हिवाळ्यात कुलूप बरेच आठवडे उघडलंच नाही. उघडलं तेव्हा मुलगी एकटी होती. तिने खुंटीवरचा बाबांचा एप्रन काढला, घडी घातली, घडी मोडली आणि तो परत खुंटीला अडकवला.

मग एकदा काका आले. "वहिनी, शेजारच्या जमिनीवरचा पंप चोरीला गेला. उद्या इथलं कुलूप तुटलं तर काय करणार? आत्ताच भंगारवाल्याला बोलवा."

आईने कुलूप हातात घेतलं. "मला या कुलपाची काळजी रोज झेपायची नाही," ती म्हणाली. "विमा उतरला तर राहू दे सगळं. नाही उतरला तर देऊन टाकू."

गावातल्या राहत्या घराचा विमा होता. त्यातच कार्यशाळाही येते, अशी सगळ्यांची समजूत होती. बाबांचीही. कुलूप दोनदा ओढणाऱ्या माणसाने एवढं मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं.

विम्याचे साहेब पाहणीला आले. "यातलं घर कुठलं?" त्यांनी विचारलं.

आईने भिंतीला टेकवलेल्या दाराकडे बोट केलं. "दार आलंय. घर यायचंय."

साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. "घराच्या विम्यात घरामागची खोली बसते. इथे घरच नाही. कार्यशाळेचा आणि हत्यारांचा वेगळा विमा काढावा लागेल. कुलूप भक्कम आहे, वायरिंग नीट आहे. पण बंद पडलेली जागा आम्ही घेत नाही. इथे काम कोण करतं?"

"करणारा गेला," काका म्हणाले.

साहेबांनी मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि बाकावर पोटावर ठेवलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात आपसूक आला आणि त्याने मला कुशीवर वळवलं.

"असं का केलंत?"

"धार जाते ना," ती म्हणाली. "आमच्यात असाच ठेवतात."

"म्हणजे तुम्हाला येतं हे काम?"

"लहानपणी यायचं."

"मग दाखवा."

तिने फळी बाकावर पकडली आणि मला ढकललं. मी अडकलो. लाकूड करकरलं. काकांनी तोंड फिरवलं. ती थांबली. फळीवरून हळूच तळवा फिरवला, फळी उलट्या तोंडाने लावली आणि पुन्हा ढकललं. मित्रांनो, एक लांबच लांब साल गुंडाळत वर आली आणि साहेबांच्या बुटावर पडली. त्यांनी ती झटकली नाही.

"जागा वापरात आहे, असं लिहितो. मला खोटं पाडू नका," ते म्हणाले.

"दर रविवारी येईन."

"आधी त्या रंध्याला तेल दे," काका म्हणाले. "असा कोरडा बघितला असता, तर दादाने आपल्या सगळ्यांना बाहेर काढलं असतं!"

विमा उतरला. त्याने चोर थांबतो असं नाही, आणि जुनी मूठ कुणालाही भरून देता येत नाही. पण मी भंगारात गेलो नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाच्या हाताने गुळगुळीत झालेली एखादी वस्तू असेल. तिला नुसतं जपून ठेवू नका, कामाला लावा. आणि काम झालं की तिच्या पद्धतीने तिला निजवा.

आता रविवारी अंधार पडायला लागला की मुलगी भुसा झाडते, स्विच बंद करते. कुशीवर पडल्या पडल्या मी ऐकत असतो. कुलूप ओढल्याचा आवाज येतो. पावलं दूर जातात. मग थांबतात, परत येतात आणि कुलूप पुन्हा एकदा वाजतं.