प्रेरणाला पाप मिळेना

आधीच सांगून ठेवलेलं बरं: यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि यातलं एकही अक्षर कुणी खरं मानणार नाही. बजाजनगराबाहेर कुठंही सांगा, लोक शेवटपर्यंत ऐकतात आणि मग सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. खुशाल बघावा.

तर बजाजनगरात प्रेरणा नावाची एक पोरगी राहते. वय एकोणतीस, वजन बेचाळीस किलो, नोकरी वाळूजच्या एका बोल्टच्या कारखान्यात, माल तपासायची. पोरगी इतकी सज्जन की बोल्ट नापास करून बाजूला टाकताना त्याची माफी मागायची. गल्लीतली मोकाट कुत्री तिला बघून रांगेत बसायची. डास तिलाही चावायचे, नाही असं नाही, पण आधी कानाशी येऊन परवानगी घ्यायचे. एकदा लाइट गेली तेव्हा ती नुसतं "अगंबाई" म्हणाली, तर लाइनमन न बोलावता शिडी घेऊन हजर झाला, आणि काम झाल्यावर चहासुद्धा न घेता गेला. आता लाइनमन चहा न घेता गेला म्हटल्यावर पुढचं काय सांगायचं!

या प्रेरणाला चर्चमध्ये पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, व्हायचं होतं. लहानपणी बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही बाहुल्यांना ओळीनं बसवून उपदेश करायची. पाळक व्हायचं तर सेमिनरीत जाऊन ईशज्ञानाची मास्टर डिग्री घ्यावी लागते, तिला एम. डिव्ह. म्हणतात. दक्षिणेतल्या एका सेमिनरीचा ऑनलाइन अर्ज तिनं उघडला. बी.एस्सी.ची मार्कशीट जोडली, बाप्तिस्म्याचा दाखला जोडला, कारखान्याच्या मॅनेजरचं शिफारसपत्र जोडलं, आणि शेवटच्या रकान्यापाशी येऊन तिची गाडी रुतली.

तिथं लिहिलं होतं: अर्जदाराची साक्ष. किमान एक हजार शब्द. ही साक्ष आपल्या मंडळीसमोर वाचून त्यावर पाळकांची सही व शिक्का घ्यावा.

साक्ष म्हणजे, मंडळीत उभं राहून आपण आधी किती वाया गेलो होतो आणि देवानं आपल्याला कसं ताळ्यावर आणलं, ते सांगणं. प्रेरणानं विचार केला, पेन चावलं, आणि लिहिलं: "मी लहानपणापासून उपासनेला येते. मला आवडतं. अजूनही येते."

झाले आठ शब्द. कॉम्प्युटर लाल झाला. नऊशे ब्याण्णव शब्द बाकी आहेत म्हणाला.

ती पाळक बद्रीनाथसाहेबांकडे गेली. हे गृहस्थ बजाजनगरच्या मंडळीचे पाळक, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी जमणाऱ्या दोनशे माणसांचे धनी. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी ते आठ शब्द चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले, आणि कागद परत दिला.

"प्रेरणाबाई, यावर सही कशी करू? औषध घ्यायला आधी दुखणं लागतं. तुम्ही वाचलात कशातून?"

"आता साहेब, मी बुडालेच नव्हते तर…"

"तेच तर! जा, आठवा. काहीतरी असेलच. येत्या रविवारी साक्ष वाचा, मी सही करतो. संध्याकाळी पाचला मुदत संपते म्हणता ना? मग उपासनेनंतर लगेच पाठवा."

घरी तिची आई चतुराबाई भाकऱ्या थापत होती. ऐकून तिनं परातच सरकवली.

"म्हंजे माझ्या पोरीत कमी काय हाय, तिला येक पाप नाय मिळत? शेजारची तनुजा बघ, दोनदा पळून गेली अन् दोनदा आली. तिची साक्ष ऐकून लोकं किती रडली! अन् तू? नुसती हापिस ते घर, हापिस ते घर."

"आई, तूच तसं वाढवलंस."

"मला काय म्हाईत ह्ये परीक्षेत इचारतेत!"

आता मंडळीत साक्षीचा राजा म्हणायचा तर काकासाहेब. वय पंचाहत्तर, मंडळीचे सेक्रेटरी. दरवर्षी ते साक्ष द्यायचे आणि दरवर्षी ती वाढायची. पहिल्या साली ते दिवसाला एक बाटली प्यायचे. पाचव्या साली खोकं झालं. गेल्या साली तर देशी दारूचा टँकर मागं लावून ते अजिंठ्याच्या घाटात वाघाशी पत्ते खेळत बसायचे, आणि वाघ हरला की त्याच्या मिशा कापून ठेवायचे. लोक धाय मोकलून रडायचे. वाघासाठी रडायचे की काकासाहेबांसाठी, ते कुणी विचारलं नाही.

प्रेरणानं त्यांना गाठलं. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरी, लई सोपं हाय. आज सोमवार. रईवारपर्यंत येक पाप करून टाक अन् शनिवारी पस्ताव."

"कुठलं करू, काका?"

"ह्ये बी मीच सांगू? चोरी कर, शिव्या दे. बाजारात काय कमी हाय का!"

तिनं शिव्यांपासून सुरुवात केली, कारण त्यासाठी सुट्टी घ्यावी लागत नव्हती. कारखान्यात शिवराज नावाचा सुपरवायझर होता, सगळ्यांवर खेकसणारा. प्रेरणा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि तिला येत होती ती सगळ्यात घाण शिवी दिली: "तुम्ही… तुम्ही अव्यवस्थित आहात!" शिवराज पांढरा पडला. इतकं लागेल असं त्याला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं टेबल आवरलं, शर्ट खोचला, लग्नाच्या सातव्या वर्षी पहिल्यांदाच बायकोला फोन करून माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी प्रेरणाच्या हातावर पेढा ठेवला.

मग चोरी. शुक्रवारी रजा टाकून ती चिकलठाण्याच्या बाजारात गेली, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. मंजुळाबाई नावाची एक माळवं विकणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलत होती. प्रेरणानं ढिगातलं एक वांगं उचललं, पिशवीत टाकलं आणि चालू पडली. दहा पावलं गेली नाही तोच मागून आरोळी आली, "ए बाई! थांब! धरा गं तिला!"

प्रेरणाच्या जिवाला केवढं बरं वाटलं! आता दोन थपडा बसतील, चारचौघांत अब्रू जाईल, हजार शब्दांची सोय होईल. ती गाल पुढं करून उभी राहिली. मंजुळाबाई धापा टाकत आली.

"अगं, किडकं वांगं घिऊन चाललीस व्हय! मीच बाजूला टाकलं व्हतं त्ये. माझं नाव खराब करतीस का? ह्ये घे!" म्हणून तिनं ते वांगं काढून घेतलं आणि पिशवीत चांगली दोन किलो वांगी ओतली. वर कोथिंबीर खोचली.

"मावशी, मी चोरी केली हो!"

"तुझ्या तोंडाकडं बघून कोण म्हनंल! जा, भरीत कर."

ती घरी गेली आणि भरीत केलं. भरीत इतकं झकास झालं की शेजारची तनुजा तिसऱ्यांदा पळून जायच्या बेतात होती, ती जेवायला थांबली.

शनिवारी प्रेरणा काकासाहेबांपुढं रडत बसली. उद्या साक्ष, आणि कागद कोरा. एक तर सेमिनरीत जायचं, नाहीतर जन्मभर बोल्टांची माफी मागत बसायची.

काकासाहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, नवं पाप तुझ्याच्यानं व्हायचं नाय. तयार घे. आपल्या मंडळीत येक बेवारस पाप पडून हाय."

"कुठलं?"

"बिर्यानीची देग!"

ती देग कुणाला माहीत नव्हती! चार वर्षांपूर्वीच्या नाताळची गोष्ट. रामकिसन आचाऱ्यानं शेडमागं तांब्याच्या भल्यामोठ्या देगेत दोनशे माणसांची मटण बिर्याणी दमावर ठेवली होती. झाकण कणकेनं बंद केलेलं. हा रामकिसन शिजताना चव कधीच बघायचा नाही; देगेला कान लावायचा आणि आतला आवाज ऐकून सांगायचा की झाली. सगळे उपासनेला बसले. काकासाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, ती त्यांच्या शिरस्त्याप्रमाणं पाऊण तास चालली. "आमेन" म्हणून मंडळीनं डोळे उघडले, बाहेर येऊन बघते तर तीन दगड आणि गरम राख. देग नाही, झाकण नाही, शीतही नाही. त्या वर्षी दोनशे माणसांनी केळी आणि क्रीमची बिस्किटं खाऊन नाताळ केला. तेव्हापासून अर्धी मंडळी उरलेल्या अर्ध्या मंडळीकडं वाकड्या नजरेनं बघत होती. रामकिसननं तर झारा हातात धरायचं सोडलं. "चोरी झाली त्याचं काय नाय," म्हणायचा, "पण कशी झाली व्हती, येवढं तरी कुणी सांगावं!"

"पण काका, हे खोटं आहे," प्रेरणा म्हणाली.

"साक्षीत खोटं नसतं गं पोरी. वाढीव असतं."

रविवारी शेड गच्च भरली. पहिल्या रांगेत चतुराबाई नवं लुगडं नेसून बसली होती, लेकीचं पाप ऐकायला. टेबलाशी पाळकसाहेब, हातात पेन, शेजारी शिक्का. प्रेरणा उभी राहिली.

"मंडळीला जय ख्रिस्त," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वीची… ती देग… मी चोरली."

अख्ख्या शेडनं श्वास रोखला. बाहेर झाडावरचा कावळासुद्धा आवरून बसला.

पहिली दोन वाक्यं अडखळत गेली. पण खोट्याचं लुनासारखं असतं. आधी पायडल मारावं लागतं, मग ते आपलं आपण पळतं. काकासाहेबांनी लिहून दिलेला कागद प्रेरणानं कधी खाली ठेवला, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं डोक्यावर चुंबळ कशी ठेवली, चुंबळीवर ती धगधगती देग कशी चढवली, सिडको ओलांडताना सिग्नलला कशी थांबली (लाल होता ना!), हर्सूलच्या पुढं एका हातानं झाकण उचलून कशी खात चालली, हे सगळं तिनं सांगितलं. फुलंब्रीला मटण संपलं. सिल्लोडला भात संपला. अजिंठ्याला पोचेपर्यंत तळाची खरवड खरवडून झाली, आणि तिथं रिकाम्या देगेत स्वतःचं तोंड बघून ती ढसाढसा रडली.

आता शेडही रडत होती. चतुराबाई हुंदके देत शेजारणीला सांगत होती, "माझी हाय बरं ती, माझी!" काकासाहेब तोंडात पदर कोंबायचे बाकी होते; त्यांचा वाघ या देगेपुढं मांजर झाला होता.

पाळक बद्रीनाथसाहेबांनी मात्र वर बघितलंच नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी घाईघाईनं कागद ओढला, सही केली, शिक्का दाबला, तारीख घातली आणि कागद प्रेरणाच्या हातात कोंबला.

"झालं. देव क्षमा करतो. बसा आता. पुढचं गीत घ्या!"

एवढ्यात मागच्या रांगेतून रामकिसन आचारी उठला. गालावरून आसवं गळत होती.

"बाई," तो म्हणाला, "मला राग नाय. चार वर्सं मी या दिसाची वाट बघतोय. येकच सांगा. कशी झाली व्हती?"

प्रेरणाला त्याची फार दया आली. सही तर झाली होती, पण आता तिला थांबवत नव्हतं.

"रामकिसनमामा, काय सांगू! दाणा न् दाणा मोकळा. मटण बोटानं तुटत होतं. वास तर असा की मागून चार गावं चालत आली."

"अन् मीठ? मिठाचं मला लई भ्या वाटत व्हतं, बाई."

"मीठ? अगदी बेताचं, मामा. मोजून घातल्यासारखं. आयुष्यात असं मीठ कुणी—"

"खोटं!" टेबलावर मूठ आपटून पाळक बद्रीनाथसाहेब ओरडले. "साफ खोटं, बाई! त्या बिर्याणीत मिठाचा खडासुद्धा नव्हता!"