उसने कान

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या डब्यांच्या कारखान्यात विनिताच्या शेजारच्या प्रेसवर कमलाक्षी असायची. कमलाक्षी हळर्णची. गोवा राज्य व्हायच्या आधीपासून ती त्या एका यंत्रापुढे उभी होती. पत्र्यातून झाकणं कापणारं ते धूड दिवसभर आपटत राहायचं, आणि त्या आपटण्याने बारा वर्षांत तिचे कान गेले. विनिता धारगळची, वयाने निम्मी, चार वर्षं हंगामी. दर काही महिन्यांनी तिला घरी बसवत आणि पुन्हा बोलावत.

विम्याच्या कार्डावर कान तपासून देणारं माणूस शोधण्यात कमलाक्षीचं अख्खं वर्ष गेलं. कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने कानात बॅटरी मारून थेंब लिहून दिले. म्हापशाला पाठवलं, तिथे मशीन बंद. पणजीत एक ऑडिओलॉजिस्ट होता, पण तो विम्याच्या यादीत नव्हता. शेवटी वास्कोला एक बाई निघाली. यादीतली, पण फक्त गुरुवारी, एक वाजेपर्यंत. तिच्या सहीचा कागद मिळाला की कानाला लावायचं मशीन मिळणार होतं, आणि कामाने कान गेले म्हणून भरपाईचा अर्जही करता येणार होता.

पहिल्या गुरुवारी कमलाक्षी एकटीच गेली. दारातून तिचं नाव पुकारलं, ते तिला ऐकू आलं नाही. एक वाजता दार बंद झालं आणि तिच्या चिठ्ठीवर ‘गैरहजर’ असा लाल शिक्का बसला. एका चिठ्ठीवर दोनच वेळा जाता येई; नवी काढायची तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

“बाय, एक दिवस तुझे कान माका दी,” ती विनिताला म्हणाली.

विनिता हो म्हणाली. मनापासून म्हणाली. पण बुधवारी दुपारी प्रज्योत सुपरवायझरने तिला पत्र्याच्या गोदामात बोलावलं.

“उद्या तू वास्कोला चाललीस म्हणे.”

“होय सर. त्यांना ऐकू येत नाही ना.”

“जा की. सुट्टी देतो. पण तिचा कागद झाला तर पुढच्या गुरुवारी सगळी प्रेस लाइन वास्कोच्या बसमध्ये बसेल. मग इन्स्पेक्टर येतील, आणि मग कोणाचीच नोकरी राहायची नाही. तुला काही करायचं नाहीये. नुसतं बसून राहायचं. पक्क्यांच्या यादीत नावं मीच लिहितो, माहीत आहे ना?”

पहाटेच्या बसमध्ये कमलाक्षीने तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. म्हापसा, पणजी, मग वास्को. वाटेत तिने फडक्यात बांधलेले पाव आणि सुकी भाजी काढली, मोठा वाटा विनिताच्या हातावर ठेवला. “तू आसस म्हणान बरा झाला गो,” ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्याने इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढची माणसं वळून बघू लागली.

दवाखान्यातल्या बाकावर दोघी दाराकडे तोंड करून बसल्या. साडेअकराला शिपाईण दारात आली आणि हातातल्या वहीतून मान वर न करता म्हणाली, “कमलाक्षी, हळर्ण.”

विनिता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“कमलाक्षी!”

बारा वर्षांत कमलाक्षी माणसांचे ओठ थोडे वाचायला शिकली होती. ती अर्धवट उठली. मग स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा न बसून विनिताकडे वळली. “माझा नाव घेतला काय गो?”

विनिताने मान हलवली. नाही.

कमलाक्षी खाली बसली. तिसरी हाक झाली तेव्हा ती मांडीवरची चिठ्ठी सारखी करत होती.

एक वाजता खिडकीतल्या माणसाने तिची चिठ्ठी ओढून दुसरा शिक्का मारला. कमलाक्षीला वाचता येत होतं. ती शिक्क्याकडे बघत राहिली, मग विनिताकडे. विनिताला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

कमलाक्षीने दोन्ही हात विनिताच्या कानांवर ठेवले.

“तुझेय कान गेले काय गो, बाय?” तिचे डोळे भरून आले. “माझाय सुरवातीक असाच झाला.”

विनिताने होकारार्थी मान हलवली. परतीच्या बसमध्ये पणजीपर्यंत कमलाक्षी तिचा हात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हात धरून ती विनिताला थेट मॅनेजरच्या टेबलापुढे घेऊन गेली. प्रज्योत तिथेच होता.

“ह्या चेडवाक प्रेसवरसून काढा, सायबांनु. त्याचेय कान जातत. लग्न व्हायचा आसा त्याचा.”

“खरं का हे?” मॅनेजरने विनिताला विचारलं.

नाही म्हणायचं तर वास्कोत मान का हलवली ते सांगावं लागलं असतं. कमलाक्षी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

“होय,” विनिता म्हणाली.

पक्क्यांची यादी लागली. विनिताचं नाव तिच्यात नव्हतं. ती गोदामात गेली तेव्हा प्रज्योतने पत्रे मोजता मोजता सांगितलं, “मॅनेजरसमोर तूच कबूल केलंस. कान गेलेली बाई पक्की कशी करू?” तो हसत होता.

महिनाअखेरीला कमलाक्षीला काढलं. यंत्राची घंटा ऐकू येत नाही, उद्या हात गेला तर जबाबदार कोण, असं कारण दिलं. कानाचा कागद तिच्याजवळ नव्हताच. तिच्या प्रेसवर विनिताला उभं केलं, हंगामीच.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कमलाक्षीने विनिताला समोर बसवलं. ओठ वाचायला शिकवायचं होतं. पुढे कामाला येईल म्हणाली. ती नुसते ओठ हलवायची आणि विनिताने शब्द ओळखायचा. पाणी. पत्रा. घंटा. विनिताला एकेक शब्द स्वच्छ कळत होता, आणि ती मुद्दाम चुकत होती.

“नाय गो,” कमलाक्षी म्हणायची. “परत बघ. सावकाश बघ.”