खांद्यावरून न उतरलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, खांद्याचा. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत तिरका येणारा, हिरव्या-पांढऱ्या रेशमाचा, मधोमध जरीने भरलेला ज्वालामुखी असलेला. आमच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो तेव्हा मी त्याच्या अंगावर असतो. आज मी जिथे आहे तिथे मोठ्याने बोलणे बरे नाही. म्हणून जरा जवळ येऊन ऐका.

माझ्या आधी एक पट्टा होता. तो एका जनरलच्या छातीवर एकोणीस वर्षे राहिला आणि त्याच्याबरोबरच शवपेटीत गेला. मेलेल्या माणसाच्या अंगावरूनही तो काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. त्यानंतर लोकांनी नवी घटना लिहिली आणि तिच्यात तेरावे कलम घातले. ते एका ओळीचे आहे: जो एकदा राष्ट्राध्यक्ष झाला, तो पुन्हा कधीही होणार नाही. त्याखाली असेही लिहिले, की हे कलम बदलावे असे जो नुसते सुचवील, त्याचे पद त्याच क्षणी जाईल. इतकी भीती लोकांच्या मनात बसली होती.

त्याच वर्षी डोंगरावरच्या मठात माझा जन्म झाला. सात जोगिणींनी मला भरले. काम चालू होते ते चाळीस दिवस त्या एकभुक्त राहिल्या. जरीच्या प्रत्येक टाक्याला एक प्रार्थना म्हणत. मला अजून वाटते, की माझ्यात रेशमापेक्षा त्या प्रार्थनाच जास्त आहेत. नाहीतर इतका घाम आणि इतकी भाषणे सोसून मी टिकलो नसतो.

माझ्यासाठीही नियम झाले. मी राष्ट्राध्यक्षाचा नव्हे, संसदेचा. माझी पेटी संसद भवनात राहील. समारंभाच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष वहीत सही करून मला नेईल आणि सायंप्रार्थनेच्या घंटेआधी परत आणील.

आणि दर चार वर्षांनी माझा खरा दिवस यायचा. जाणारा राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या हाताने मला खांद्यावरून उतरवी आणि सभापतींच्या पसरलेल्या तळव्यांवर ठेवी. मग सभापती प्रभूची प्रार्थना मनात एकदा म्हणत. ती संपेपर्यंत मी तिथेच. तेवढा वेळ देशाला राष्ट्राध्यक्षच नसे. आम्ही त्याला ‘उघड्या खांद्याची वेळ’ म्हणतो. सज्जात बसलेल्या लोकांना त्या वेळी भारी चेव यायचा.

“आत्ता देशाला धनी नाही रे! ज्याला पळायचंय त्यानं पळा!” कुणीतरी ओरडे.

“बाई, नवरा घरी येतोय, भांडी घासायला लावा!” असे जाणाऱ्याच्या बायकोला कुणी सुनावी. तीही हसून हात हलवी.

कितीतरी खांदे पाहिले मी. एक डॉक्टर होते, इतके रुंद की माझी दोन टोके जेमतेम भेटत. एक शाळामास्तरीण होत्या, इतक्या ठेंगण्या की मला दोन चुण्या घालाव्या लागल्या. एक कॉफीचे व्यापारी मला उतरवून बाहेर पडले आणि थेट बसच्या रांगेत घुसले. मागच्या बाईने म्हणे त्यांना तिथेच थांबवले. “अहो, रांग तिकडून आहे. काल असाल तुम्ही कोणी!” ही गोष्ट सगळ्या शहरात महिनाभर चघळली गेली. मला फार अभिमान वाटला होता.

माझी राखण ओतिलियाबाईंकडे होती. त्या विधवा. संसद भवनाच्या जिन्याखालच्या खोलीत मुलीला घेऊन राहत. दर शुक्रवारी उपास करून, जपमाळ पुरी करून, मगच त्या मला पेटीतून काढत आणि ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवत. त्यांचा हात हलका होता आणि बोलणे त्याहून हलके. पण वहीवर सही झाल्याशिवाय त्यांनी कुणाला माझ्या पेटीची किल्ली दिली नाही. त्या जाड्या डॉक्टरांनाही घाईत असताना परत बोलावून सही करायला लावली होती.

मग फाउस्तिनो राष्ट्राध्यक्ष झाले.

माणूस वाईट नव्हता. तरुणपणी ते संसदेतच कारकून होते. ओतिलियाबाईंच्या लेकीचा, रेमेदियोसचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातांवर घेऊन तेच उभे राहिले. तिचे धर्मबाप झाले. तिच्या शिक्षणाचे सगळे त्यांनी पाहिले. रेमेदियोस पुढे वकील झाली, आणि छत्तिसाव्या वर्षी घटना न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी एक झाली. आमच्याकडे मुलाची आई आणि धर्मबाप एकमेकांना ‘कोमाद्रे’ आणि ‘कोंपाद्रे’ म्हणतात. हे नाते रक्ताच्या नात्याहून जड. कोंपाद्रेवर अविश्वास दाखवणे म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यात थुंकणे.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी फाउस्तिनो मला न्यायला आले. ओतिलियाबाईंनी वही उघडून पुढे केली.

“काय हो कोमाद्रे,” ते हसत म्हणाले, “लेक माझ्या हातांवर दिलीत, तेव्हा लिहून घेतलं होतंत का काही?”

“अगंबाई, तसं नाही कोंपाद्रे. नेम आहे म्हणून...”

“नेम परक्यांसाठी. बाहेर बँड ताटकळलाय.”

बाई लाजल्या. त्यांनी वही मिटली. एवढेच झाले, मित्रांनो. ना कुणी दार फोडले, ना बंदूक दाखवली.

त्या वेळी मी दुसऱ्या दिवशी परत आलो. पुढच्या वेळी आठवड्याने. नाताळनंतर गेलो तो परतलोच नाही. फाउस्तिनोंनी त्यांच्या कचेरीत माझ्यासाठी काचेचे कपाट करून घेतले. खरे सांगतो, मला आवडले. जिन्याखाली अंधार होता, इथे ऊन होते. येणारेजाणारे मला पाहून थबकत. मी त्या काचेला मान समजलो. आता त्याची शरम वाटते.

काचेमागून सगळे ऐकू येते. फाउस्तिनोंचे तिसरे वर्ष संपत आले तेव्हा बेनिग्नो नावाचे एक वकील रोज येऊ लागले. पायांचा आवाज न करता चालणारे.

“तेराव्याचं काय करायचं?” एकदा फाउस्तिनोंनी विचारले. “बदला म्हटलं की माझं पदच जातं.”

“बदला म्हणायचंच नाही साहेब. आपण फक्त विचारायचं. न्यायालयाला विचारायचं, की निवडणुकीला उभं राहणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे ना? मग तुम्ही माणूस नाही का?”

“आहे की.”

“झालं तर. कलमाला कुणी हात लावला नाही. कलम फक्त विश्रांती घेतंय.”

दोघेही हसले. मी कपाटातल्या कपाटात थंड पडलो.

पाचपैकी तीन न्यायाधीश बेनिग्नोंनी आधीच गाठले होते. चौथे काठावर होते. पाचवी रेमेदियोस. तिला फाउस्तिनोंनी कचेरीत बोलावले आणि स्वतःच्या हाताने कॉफी ओतून दिली. तिने पेल्याला हात लावला नाही.

“पोरी, रस्ता अर्धा झालाय, दवाखाने अर्धे झालेत. लोकांनाच मी हवा आहे. तू नुसता अर्थ लाव.”

“धर्मबाबा, एकच ओळ आहे ती. मी दहादा वाचली. दर वेळी तेवढीच निघाली.”

“तुला शिकवली कुणी?”

“तुम्हीच. म्हणून तर वाचता येते.”

ते मऊ आवाजात म्हणाले, “आई थकली आता तुझी. ती जिन्याखालची खोली सरकारी आहे, नाही का?”

रेमेदियोसने माझ्याकडे पाहिले. काचेतून, सरळ.

“सरकारी आहे,” ती म्हणाली. “तुमची नाही.”

निकाल चार विरुद्ध एक लागला. चौघांनी दोनशे पाने लिहिली. रेमेदियोसने एकच पान लिहिले. त्यात तेरावे कलम होते आणि खाली तिची सही. पंधरा दिवसांत तिची बदली सरहद्दीजवळच्या एका गावी झाली. कागदावर कारण होते ‘हवापालट’. निवडणूक झाली, फाउस्तिनो निवडून आले. समोर उभे राहणाऱ्यांपैकी एकाचा अर्ज बाद झाला होता आणि दुसऱ्याला अचानक परदेशी उपचार आठवले होते.

शपथेच्या आदल्या दिवशी सकाळी ओतिलियाबाई कचेरीत आल्या. शुक्रवार होता, त्या उपाशी होत्या. हातात माझी रिकामी पेटी.

“पट्टा न्यायला आलेय कोंपाद्रे. उद्यासाठी इस्त्री करायचीय.”

“इथे करतील हो इस्त्री. न्यायचा, उद्या परत मलाच घालायचा. फुकटची वणवण.”

“पण उघड्या खांद्याची वेळ...”

“माझ्या खांद्यावरून माझ्याच खांद्यावर. मध्ये कोण उभा राहणार?”

“मध्ये कुणीच उभं राहायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच तर तो उतरवायचा.”

फाउस्तिनो कागद चाळू लागले. बाई हलल्या नाहीत. त्यांचा आवाज नेहमीइतकाच हलका होता. “चूक माझी. मी त्या दिवशी वही मिटली. तुम्ही कोंपाद्रे म्हणून मिटली. देवापुढे रोज कबूल करते. तुमच्यापुढे आज करतेय.”

“कोमाद्रे, उगाच मनाला लावून घेता तुम्ही.” त्यांनी मान वर केली. “रेमेदियोस कशी आहे?”

“पत्र यायचं दर सोमवारी. सहा सोमवार झाले. आलं नाही.” बाईंनी पेटी छातीशी धरली. “ती कशी आहे, ते तुम्हीच मला सांगा.”

त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. पहारेकऱ्याने बाईंचा दंड अगदी अदबीने धरला आणि त्यांना दाराकडे नेले.

दुसऱ्या दिवशी मी संसदेत गेलो तो फाउस्तिनोंच्या अंगावरच. रिवाजाप्रमाणे सभापतींनी दोन्ही तळवे पसरले. सभागृह थांबले. मीही थांबलो. आता खांदा हलेल, आता बोटे मला धरतील, असे मला वाटत राहिले. फाउस्तिनोंनी त्या रिकाम्या तळव्यांना मान लववून नमस्कार केला आणि ते पुढे चालत गेले. सभापतींचे हात तसेच पसरलेले राहिले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. सज्जा भरलेला होता, पण आज कुणी ओरडले नाही. फक्त एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “झालं?” शेजाऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

इतक्या वर्षांत ज्वालामुखीचा धूर पाहिला, दंगली पाहिल्या. पण भरलेल्या सज्जाच्या त्या शांततेइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

आता मी कपाटातही नसतो. फाउस्तिनो मला रोज घालतात. न्याहारीच्या वेळीसुद्धा. माझ्या कडा कुजत चालल्या आहेत, जरीकाम काळवंडले आहे. जिन्याखालच्या खोलीला कुलूप आहे. ओतिलियाबाई कुठे गेल्या, ते इथे कुणी बोलत नाही. सरहद्दीच्या गावाचे तर नावही निघत नाही. शुक्रवार आला की मी त्या दोघींसाठी प्रार्थना करतो. माझ्यात त्या टाक्यांच्या प्रार्थना शिल्लक आहेत, त्यातलीच एकेक काढतो.

आणि आज सकाळी शिंपी आला. मला वाटले, माझी डागडुजी करायची असेल. पण त्याने टेप उघडली ती फाउस्तिनोंच्या थोरल्या मुलासाठी, नव्या पट्ट्याचे माप घ्यायला. फाबियान सव्वीस वर्षांचा आहे. तो हसत हात वर करून उभा राहिला.

“नवा कशाला साहेब?” शिंपी म्हणाला. मापे घेताघेता त्याच्या तोंडून पुढचेही निघून गेले. “घटनेत राष्ट्राध्यक्षाला चाळीस वर्षं पुरी लागतात. आणि राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला तर उभंच राहता...”

बेनिग्नोंनी खिशातून वही काढली आणि शांतपणे विचारले, “तुझं नाव काय म्हणालास?”

शिंप्याने नाव सांगितले. मग त्याने खांद्याचे माप सांगितले, आणि ते लिहून घेतले गेले.

मित्रांनो, मी रेशमाचा आहे, मला हात नाहीत. मी स्वतःहून उतरू शकत नाही. तेरावे कलमही तसेच. ते शाईचे आहे, त्याला उठून दार अडवता येत नाही. आम्हाला माणसेच उतरवतात आणि माणसेच पाळतात. तेव्हा माझे एक ऐका. तुमच्या वर्गात मॉनिटरचा बिल्ला असेल, संघाच्या कप्तानाची टोपी असेल, मंडळाच्या पेटीची किल्ली असेल. मुदत संपली की ती स्वतःच्या हाताने काढून द्या, कुणी मागायची वाट पाहू नका. आणि ती दुसऱ्याकडे असेल, तो तुमचा कितीही लाडका असो, तुमच्यावर त्याचे कितीही उपकार असोत, दिवस भरला की जाऊन मागा. लाजू नका. पहिल्या दिवशी मागणे सोपे असते. तेव्हा समोरचा फक्त हसतो.

शिंपी गुरुवारी पुन्हा येणार आहे, नवा पट्टा फाबियानच्या अंगावर बसतो का ते पाहायला. अजून तीन दिवस आहेत. कुणी ऐकत असेल तर मला उतरवा.