आरशावरच्या साबणाच्या रेघा

मी एक जुनी खुर्ची आहे, न्हाव्याच्या दुकानातली. मित्रांनो, ज्या खुर्च्यांवर बसून तुम्ही जेवता आणि अभ्यास करता, त्या माझ्या चुलत बहिणी. त्यांच्यावर माणसं जागी बसतात. माझ्यावर डोळे मिटून बसतात. गरम पाण्याची वाफ, साबणाचा वास, मानेखाली उशी, की दोन मिनिटांत भलाभला माणूस पेंगायला लागतो. इतक्या लोकांची झोप माझ्या अंगावरून गेली आहे, की काय खरंच घडलं आणि काय कुणाच्या स्वप्नातून माझ्या चामड्यात उतरलं, हे मला कधीकधी नीट सांगता येत नाही. आज सांगते ते मात्र घडलेलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाय एकच, पण बिडाचा, जाडजूड. हात लाकडाचे, पाठ आणि बैठक काळ्या चामड्याची. खालचा दांडा दाबला की मी वर जाते आणि ढकललं की गोल फिरते. दुकानात आणून मला पहिल्यांदा वर उचललं, तेव्हा समोरच्या आरशात मी मला दिसले, मागच्या आरशात माझी पाठ दिसली, आणि त्या पाठीमागे आणखी खुर्च्या, लांबवर धूसर होत गेलेल्या. मला वाटलं, आपण पुष्कळ जणी आहोत. त्या सगळ्या मीच होते, हे कळायला बरेच दिवस लागले.

दुकान फुटबॉलच्या मैदानामागच्या रस्त्यावर होतं. गोल झाला की आधी आमचे आरसे थरथरत आणि मग रेडिओवरचा माणूस ओरडे. माझे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, फुटबॉलचे वेडे होते आणि तोंडाचे फटकळ. आमच्या संघाच्या गोलीबद्दल त्यांचं मत असं, की याला हातमोजे कशाला हवेत, याचे हात तर कायम खिशातच असतात. संघाचा जुना कप्तान निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा ते म्हणाले, ज्याला दहा जणांना पास देता आला नाही तो लाख लोकांना पाणी काय देणार. मंत्र्यांनाही मध्यंतरात बदलता आलं पाहिजे, हे त्यांचं लाडकं म्हणणं. आणि कुठे खून झाल्याची बातमी आली की ते वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणत, लाल कार्डाच्या पुढचं एक कार्ड सरकारच्या खिशात आहे, ते दाखवायला हे लोक घाबरतात कशाला?

गिऱ्हाईक वाद घालत नसे. गळ्यावर वस्तरा असताना कोण घालणार? एक पोस्टमन तेवढा डोळे न उघडता म्हणायचा, "मास्तर, तुमचं शंभर टक्के बरोबर. आधी कानाखालचं पुरं करा."

वाद घालायची ती फक्त मालकांची लेक. लहानपणी माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकून ती केस कापून घ्यायला बसायची. मोठी होऊन ती वाचनालयात कामाला लागली, आणि दुपारी बापाचा डबा घेऊन आली की डब्याबरोबर चार मुद्देही आणायची. माणूस मारून माणूस कसा परत येतो, ते सांगा बाबा. मालक म्हणत, तू पुस्तकं वाचतेस, मी माणसं वाचतो. मग दोघं आपापल्या जागी गाल फुगवून बसत.

मालकांनी एक पद्धत पाडली होती. ज्याच्या तोंडाला फेस लावलाय त्याला बोलता येत नाही, म्हणून ते त्याचं मत बोटाने घेत. माझ्या हातावर एक टिचकी मारली तर हो, दोन मारल्या तर नाही. टिचकी ऐकली की मालक ब्रशच्या टोकाने आरशाच्या कडेला साबणाची एक रेघ ओढत. डावीकडे होकार, उजवीकडे नकार. कप्तानाला काढावं का, मंत्र्याने राजीनामा द्यावा का, सगळ्याचा निकाल या आरशावर लागे. शनिवारी आरसा पुसला जाई आणि सोमवारी नवा प्रश्न येई.

मग एक प्रश्न असा आला, की तो शनिवारी पुसलाच गेला नाही.

आमच्या मैदानावर पूर्वी डाव्या बाजूने पळणारा एक खेळाडू होता. लोक त्याला वारा म्हणत. त्याच्यासाठी मालक घसा बसेपर्यंत ओरडले होते, त्याचा फोटो आरशाच्या कोपऱ्यात होता. गुडघा गेला, खेळ सुटला, वाईट संगत लागली आणि एका चोरीत त्याच्या हातून एका दुकानदाराचा जीव गेला. कोर्टाने फाशी सुनावली. त्या दिवशी मालकांनी फोटो उपटून काढला. ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच फसवलं, असा तो राग होता. फाशी द्यायची की नाही, हा प्रश्न महिनोन् महिने आरशावर राहिला. डावीकडच्या रेघा वाढत वाढत चाळीस झाल्या. उजवीकडे सहा होत्या.

त्याच सुमाराला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडताच एक म्हातारे गृहस्थ येऊ लागले. ते शिंपी होते, काम सोडलेले. मालक त्यांना काका म्हणत. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक सुईने टोचून टोचून कठीण झालेलं, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं. "एकही खुंट राहू देऊ नका," एवढंच ते बोलत. मग डोळे मिटत, पण झोपत नसत. माझ्यावर न झोपणारा माणूस मला लगेच कळतो.

तिसऱ्या खेपेला मालकांनी त्यांनाही विचारलं. काकांचे हात माझ्या हातांना घट्ट धरून होते, टिचकी काही येईना. मालक गालाखाली वस्तरा फिरवत थट्टेने म्हणाले, घाबरू नका, गुप्त मतदान आहे. तेवढ्यात काकांचा हात थरथरला आणि ते कठीण बोट माझ्या लाकडावर एकदा आपटलं. ती टिचकी नव्हती. मला ते कळलं, कारण थरथर मनगटापासून आली होती. मी खुर्ची, मी काय बोलणार? मालकांनी ब्रश उचलला आणि डावीकडे एक्केचाळिसावी रेघ ओढली.

तोंड पुसून झाल्यावर काकांनी आरशात पाहिलं.

"मास्तर, ती शेवटची रेघ पुसता का?"

"एकदा झालेला गोल परत घेत नसतात, काका," मालक हसून म्हणाले.

"वारा माझा मुलगा आहे."

काका हळूहळू उठले. म्हणाले, "आज भेटीचा दिवस. जाळीतून त्याला दाढी वाढलेला बाप दिसू नये, म्हणून येतो." मग टोपी घालता घालता, अजिबात न रागावता, त्यांनी आणखी एक सांगितलं. "तुम्ही लाल कार्डाच्या पुढचं कार्ड म्हणता. पण लाल कार्ड मिळालेला पोरगा कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसतो, मास्तर. तिथे त्याला कुणी भेटायला जाऊ शकतं."

ते गेल्यावर मालकांनी सगळा आरसा बाहीने पुसून काढला. दुपारी लेक डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "इतके महिने मी दुसरं काय सांगत होते, बाबा?" तिचं खरंच होतं. मालकांनी मान हलवली. ती घड्याळ बघून वाचनालयात परत गेली. डबा उघडलाच गेला नाही. मग मालक माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधीही बसले नव्हते. मित्रांनो, बाहेरून एवढा मोठा वाटणारा तो माणूस वजनाला किती हलका होता! समोरच्या आरशात ते, मागच्यात त्यांची पाठ, पाठीमागे आणखी कितीतरी मालक, सगळे गप्प. रेडिओवर सामना चालू होता, पण तो कुठल्या तरी दुसऱ्याच गावातला वाटत होता.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, काकांनी परत येऊन माझ्यावर बसावं. पुढच्या पहिल्या सोमवारी त्यांनी पाणी गरम करून ठेवलं. काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले नाहीत. त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालकांनी वस्तरा, ब्रश, तुरटी आणि टॉवेल पेटीत भरले, थर्मासमध्ये गरम पाणी घेतलं आणि दुकान बंद ठेवून ते तुरुंगाच्या फाटकाशी गेले.

संध्याकाळी ते लेकीला सांगत होते, म्हणून मला हे माहीत आहे. फाटकासमोरच्या कट्ट्यावर काका बसले होते, गालावर पांढरे खुंट घेऊन. मालकांनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि दाढी केली. येणारे-जाणारे बघत होते. दाढी झाल्यावर काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो दयेचा अर्ज होता. तिन्ही वेळा तो खिशात घेऊनच ते माझ्यावर बसले होते, पण आरशाकडे बघून त्यांनी तो बाहेर काढला नव्हता. मालकांनी सही केली. म्हणाले, "काका, खोटं नाही बोलत. मला अजून पुरतं पटलेलं नाही. त्या दुकानदाराची बायको माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पण माझी रेघ त्या बाजूला नको."

त्यानंतर त्या अर्जाची एक प्रत आमच्या दुकानात आली. मालक आता आधी गिऱ्हाइकाचं तोंड पुसत, वस्तरा मिटत, मला आरशाकडून रस्त्याकडे वळवत आणि मगच विचारत. पोस्टमनने सही केली. बऱ्याच जणांनी केली नाही. मास्तरांनी पलटी मारली, असं म्हणत काही जण कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागले. मालक ऐकून घेत. काका मात्र परत आले, पहिल्या सोमवारी, दुकान उघडताच.

अर्जाचा निकाल येण्याआधीच मालक गेले. एका बुधवारी दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, बाकावर टेकले ते तसेच. दुकान बंद झालं. आरशांवर धूळ बसली आणि लांबवरच्या खुर्च्या एकेक करून पुसल्या गेल्या. शेवटी मी एकटीच उरले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लेक दुकान रिकामं करायला आली. भंगारवाल्याला तिने बोलावलं होतं. त्याच्याआधी दारात काका उभे राहिले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "परवा कागद आला. फाशी रद्द झाली, जन्मठेप दिली. पोराला सांगायच्या आधी म्हटलं मास्तरांना..."

"बाबा गेले, काका. सव्वीस दिवस झाले."

काकांनी टोपी काढली. मग लेकीने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. "बसा," ती म्हणाली. "मी कधी केलेली नाही. पण आयुष्यभर बघत आले आहे."

"मला घाई नाही, पोरी."

तिने पाणी गरम केलं, फेस केला. एकेका गालाला पाव तास लावला. मध्येच विचारलं, दर महिन्याला बाबा तुमच्याशी काय बोलायचे? काका म्हणाले, "काही नाही. गोली कसा नालायक आहे, तेच." लेकीने वस्तरा पटकन बाजूला घेतला. ती हसत होती, आणि मग हसत नव्हती. काका डोळे मिटून थांबले. तिचा हात पुन्हा स्थिर होईपर्यंत ते माझ्यावर चक्क झोपले.

भंगारवाला आला आणि मला न घेताच परत गेला. पुढे माझं काय होईल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझं फाटलेलं चामडं शिवा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी मोठ्याने बोलणारं माणूस असेल, प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असणारं, तर त्याच्याशी खुशाल भांडा. आणि एखाद्या दुपारी ते अचानक गप्प बसलं, तर मी म्हणत नव्हते का, असं त्याला म्हणू नका. जेवणाचा डबा उघडून द्या आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आपलं मत बदलत असताना माणूस फार एकटा असतो.