उलटा घातलेला एप्रन

मी एका बाईच्या गळ्यात अडकवलेला एप्रन बोलतोय. सहसा माझ्याकडे कुणी बघत नाही. लोक बघतात ते काउंटरवरच्या आकड्यांकडे. त्यामुळे मला बोलायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. एकाच ताग्यातून आम्ही दोनशे भावंडं कापली गेलो. हिरवं जाड कापड, पुढे दोन खिसे, छातीवर दुकानाचं नाव. माझ्या वेळी छपाई जरा तिरकी झाली आणि नाव खांद्याकडे चढत गेलं. भावंडं कुठल्या कुठल्या शाखांत गेली, मला ठाऊक नाही. मी एका मोठ्या किराणा दुकानात आलो आणि तिच्या वाट्याला पडलो.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या खिशात एक घडी घातलेला कागद टाकला. मला वाटलं, सामानाची यादी असेल. निघालं नाटकातलं भाषण. ती नटी होती, निदान तिचं तसं म्हणणं होतं. दुकानात तिला सगळे 'नाटकवाली' म्हणत. त्यात कौतुक कमी, गंमत जास्त. सात वर्षांत तिला दोनदा मोलकरीण, एकदा शेजारीण आणि एकदा नुसतीच गर्दी, एवढ्या भूमिका मिळाल्या होत्या.

पाठांतर ती रॅकपाशी करायची. जुन्या तारखेचे डबे पुढे घ्यायचे आणि नव्या तारखेचे मागे लावायचे, हे काम बाकीच्यांना कंटाळवाणं वाटायचं. ही मात्र ते स्वतःहून मागून घ्यायची. एक डबा, एक वाक्य. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, अचानक मागे येऊन उभे राहायचे.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही, साहेब. तारखा वाचतेय."

तसं तिचं दुसरं कुणाशी बोलणं होतं कुठे? घर म्हणजे एक खोली, खिडकीशी एक खुर्ची. मला धुऊन ती त्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायची आणि माझ्यासमोर पलंगावर बसून जेवायची. जेवताना मधेच म्हणायची, "आज मीठ जास्त झालंय." हे ती मला सांगायची. मला उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मग तिला ती भूमिका मिळाली. मुलगा गेलेली आई. शेवटच्या प्रवेशात ही आई मुलाचे कपडे, बूट, मफलर एकेक करून टेबलावरून त्याच्या मित्रापुढे सरकवते आणि म्हणते, "घेऊन जा. आता या घरात यायचं कारण उरलं नाही." सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं.

तालमीत दिग्दर्शक म्हणाला, "आई सारखी स्वयंपाकघरातून येते. एप्रन हवा. कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," ती लगेच म्हणाली.

दुकानाचं नाव दिसू नये म्हणून तिने मला उलटा घातला. शिवण बाहेर, नाव आत. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला. माझ्या दोनशे भावंडांत रंगमंचावर जाणारा मीच.

तिने तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या राखून ठेवायला सांगितल्या. तिच्या घरातल्या कुणीही तिला काम करताना बघितलेलं नव्हतं. टाळ्या, नाव, फोटो, यातलं काही मिळालं नसतं तरी तिचं चाललं असतं. आपल्या माणसाने एकदा येऊन बघावं, एवढं मात्र तिला फार वाटायचं. तिने थोरल्या भावाला फोन केला.

"दादा, रविवारी चार वाजता. वहिनीलाही आण."

"बघतो गं. जमलं तर येतोच."

'बघतो' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिला मात्र त्यातला 'येतोच' तेवढा ऐकू आला.

रविवारी साहेबांनी सुट्टी दिली नाही. "तीनपर्यंत काउंटर सांभाळा, मग खुशाल जा." सकाळी नऊपासून ती वस्तू पुढे सरकवत होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होती, "पिशवी आणलीय का?" तीनशे वेळा तरी विचारलं असेल. तीन वाजता ती धावतच निघाली.

पहिला अंक झाला. खुर्च्या रिकाम्या. मध्यंतर झालं, तरी रिकाम्याच. शेवटचा प्रवेश आला. सभागृह गप्प होतं, पुढच्या रांगेत एक बाई रडत होती. हिने शर्ट सरकवला, बूट सरकवले, मफलर सरकवला. तेवढ्यात तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे गेली. आणि तिच्या तोंडून निघालं, "पिशवी आणलीय का?"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एकजण फिसकन हसला आणि त्याच्यामागोमाग सगळं सभागृह. समोरच्या मित्राने मान खाली घातली. त्याचेही खांदे हलत होते. तिने खरं वाक्य म्हटलं, पण ते फक्त मला ऐकू आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची नव्हती, माझी होती. उलटा घातला तरी मी मीच. तिच्या हातांनी मला ओळखलं आणि सवयीने पुढचं काम केलं.

दिग्दर्शक ओरडला नाही. "होतं असं," म्हणाला. बुधवारी त्याचा फोन आला. पुढच्या प्रयोगांना दुसरी बाई घेतली होती. ही "बरं" म्हणाली आणि डबे लावत राहिली. त्या दिवशी डब्यांपाशी एकही वाक्य नव्हतं.

शनिवारी दुपारी ती मागच्या गोदामात एका खोक्यावर बसून डबा खात होती, तेव्हा दादाचा फोन आला.

"अगं, निघालोच होतो, पण ऐनवेळी पाहुणे टपकले. कसं झालं?"

"छान झालं."

"लोकांना आवडलं ना?"

"हो. शेवटी तर सगळं सभागृह दणाणलं."

"अरे वा. पुढच्या प्रयोगाला नक्की. वहिनीपण म्हणतेय."

"ये ना. कळवते तुला."

फोन ठेवून तिने माझ्या टोकाने तोंड पुसलं. डोळेही पुसले. मग डब्याचं झाकण लावलं आणि काउंटरवर गेली.

आता माझा रंग विटलाय, एक बंद दोनदा शिवून झालाय. पुढच्या महिन्यात दुकानात निळी जाकिटं येणार आहेत. मग आम्हा एप्रनांची लादी पुसायची फडकी होतील. त्याचं मला काही नाही. पण तिने पुन्हा एका नाटक मंडळीत नाव दिलंय, आणि दादाला अजून कळवलेलं नाही. कळवेल असं वाटतही नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. एखाद्या रविवारी मोकळे असाल आणि लहानशा सभागृहाबाहेर नाटकाची पाटी दिसली, तर आत जाऊन बसा. नात्यातले नसलात तरी चालेल. मीच गेलो असतो हो, पण मला कुणी घातल्याशिवाय कुठे जाता येत नाही.