मोळीची वाट

त्याच धावड्याच्या झाडाशी तिसऱ्यांदा आल्यावर पंचफुलाबाई मटकन खाली बसल्या. गुडघा धरलाय, म्हणाल्या. वाट चुकली असं म्हणाल्या नाहीत.

नात सृष्टी नांदेडहून सहा भटक्या मित्रांना घेऊन आली होती. किनवटच्या या जंगलातल्या जुन्या झऱ्याकडं जाणारी मोळीवाल्या बायकांची वाट आमच्या आजीला तोंडपाठ आहे, असं तिनं सांगून ठेवलं होतं. ती ऐकतच मोठी झाली होती: बारा बायका मागं, पंचफुला पुढं.

पोरं दमली होती, तरी तोंडं चालू होती. कुणी कळसूबाईचं धुकं आठवत होतं, कुणी वाऱ्यानं उडालेला तंबू. पंचफुलाबाईंनी त्यांच्या टम्म फुगलेल्या पिशव्यांवर नजर फिरवली.

"फिराया आलाव का बिऱ्हाड बदलाया?"

सगळे हसले. मग त्यांचा म्होरक्या आनंदराज आदबीनं म्हणाला, की परत फिरू, काही बिघडत नाही. सृष्टीनं मान खाली घातली. ते पंचफुलाबाईंना झोंबलं.

त्या उठल्या. पदराची चुंबळ केली आणि आनंदराज नको नको म्हणत असताना त्याची पिशवी डोक्यावर घेतली. मान ताठ झाली, नजर आपोआप पायांपुढच्या दोन हातांवर आली. तिथंच वाट होती. मधोमध चिरलेला खडक, सागाचं झिजून गुळगुळीत झालेलं मूळ, लाल मुरमाची पायरी. मघापासून त्या झाडं बघत वाट हुडकत होत्या, आणि झाडं तर त्यांनी तेव्हा कधी मान वर करून पाहिलीच नव्हती.

पाय झपझप पडू लागले. मागची बडबड थांबली.

पुढं वाट फुटली. दोन्हीकडं सारखाच मुरूम. इथलं त्यांना आठवलं ते एवढंच: थोरली जाऊ साखराबाई, तिच्या भेगाळलेल्या टाचा. त्या वळतील तिकडं वळायचं.

भावकीतल्या तनुजाच्या लग्नात साखराबाई चार बायकांत हेच बोलली होती. ही कशाची पुढं, माझ्या मागं चालायची. त्याला नऊ वर्षं झाली. गल्ली एकच, पण पंचफुलाबाईंनी तिच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

"आजी, कुणीकडं?"

पंचफुलाबाईंनी पिशवी उतरवली. मान चोळली. सहाही जण त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"रेंज हाय का गं?"

"हाय थोडी."

"थोरल्या घरी लाव."

सृष्टी त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं फोन लावून हातात दिला. पलीकडून आधी खोकला आला, मग तोच कोरडा आवाज. कोण हाय?

पंचफुलाबाईंनी पोरांकडं पाठ केली नाही, आवाजही लहान केला नाही.

"मी पंचफुला, अक्का. झऱ्याच्या फाट्यावर उभी हाय. तू कुणीकडं वळायचीस?"