मधला कप्पा नूतनचा

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुरूच्या बनामागे एका कॉलेजचं मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या जेवणघरात खिडकीशेजारी मी उभा असतो. खाऱ्या हवेने माझे पाय गंजलेत, दाराचं रबर मध्यंतरी पार सैल झालं होतं आणि सुरू होताना मी जरा जास्तच घरघरतो. तरी मी सुखात आहे, आणि ते सुख मला या मुलींनी दिलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझी पहिली नोकरी मुरुडच्या एका लॉजमध्ये. उन्हातून आलेले पाहुणे माझं दार उघडत, कोकम सरबताची गार बाटली गालाला लावत आणि समाधानाने डोळे मिटत. पुढे मालकांनी काचेच्या दाराचा नवा फ्रीज घेतला आणि मला या वसतिगृहाला देऊन टाकलं.

इथे मुली बऱ्याच आणि मी एकटा. रेक्टरबाईंनी माझ्या दारावर नियमांचा कागद चिकटवला होता. सांडू नये, वास येणारे पदार्थ ठेवू नयेत, दार उघडं टाकू नये. सगळे नुसते 'नये'. तो कागद कुणी वाचत नसे.

भाविका दिघीच्या कोळ्यांची. ती घरून सुकट आणायची, कधी तळलेली सुरमई. हेतल म्हसळ्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी. तिच्या घरी कांदा-लसूणही चालत नसे. माझं दार उघडलं की ती नाकाला ओढणी लावायची आणि भाविकाचा पारा चढायचा. दोघींची रोज जुंपायची.

तिसरी नूतन. आतल्या भातशेतीच्या गावातून आलेली, अबोल. मधल्या कप्प्यात अगदी मागे ती रुमालात बांधलेला एक लहानसा डबा ठेवायची. तिला लहानपणापासून मधुमेह होता आणि त्या डब्यात तिच्या इन्सुलिनच्या कुप्या असायच्या. पण आईने बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल. म्हणून ती इंजेक्शनसुद्धा न्हाणीघरात दार लावून घ्यायची.

एकदा हेतलने मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक आणला. केकशेजारी सुरमई नको, म्हणून तिने भाविकाचा डबा बाहेर काढून ठेवला. भाविका संतापली. आपल्या डब्याला जागा करायला तिने हाताला लागलेलं ते रुमालातलं गाठोडं बर्फाच्या कप्प्यात कोंबलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, नूतन यायच्या आधीच, जागा रिकामी झाल्यावर तिने ते परत होतं तिथे ठेवलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी होतं. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, पण घरघरण्यापलीकडे मला वाचा नाही.

नूतन तेच इंजेक्शन घेत राहिली. तिला सारखी तहान लागू लागली, मग उलट्या, मग ती जेवणघरातच कोसळली. तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं ते भाविकानेच. तिथे डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा नूतनला सगळं सांगावं लागलं. औषध गोठलं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि शेजारी उभ्या भाविकाला बर्फाच्या कप्प्यात कोंबलेलं ते रुमालातलं गाठोडं आठवलं.

नूतन बरी होऊन आली, पण सोबत तिचे वडील येसाजी होते, तिला घरी न्यायला. शिक्षण पुरे झालं, असं त्यांनी ठरवलं होतं. रेक्टरबाई तर मला कुलूपच लावणार होत्या. तेव्हा भाविकाने सगळ्या मुलींना जेवणघरात बोलावलं, रेक्टरबाईंनाही बसवलं आणि तो डबा आपणच बर्फात ठेवला होता हे सर्वांसमोर सांगितलं. बोलताना ती रडत होती. येसाजी दाराशी बसून ऐकत होते.

"मी भाविकाचा डबा बाहेर काढला नसता तर हे झालंच नसतं," हेतल म्हणाली.

"आणि मी नाव लिहिलं असतं तर," नूतन हळूच म्हणाली.

मग रेक्टरबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच माझ्या दारावरचा तो नियमांचा कागद काढला. म्हणाल्या, काय करू नये ते राहू दे, इथे राहायला तुम्हाला काय काय लागतं ते प्रत्येकीने सांगा. हेतलने आपल्या जेवणासाठी वेगळा, वरचा कप्पा मागितला. भाविका म्हणाली, माझा खालचा चालेल, घट्ट झाकणाचा डबाही आणीन, "पण आमच्या घरच्या जेवणाला घाण म्हणायचं नाही." हेतलने मान खाली घालून ते कबूल केलं. कुणाला पहाटे अभ्यासाला शांतता हवी होती, कुणाला नमाजापुरता कोपरा. वाद झाले, रुसवेही झाले, पण कुणी उठून गेलं नाही. मधला कप्पा नूतनचा ठरला, आणि न विचारता कुणाचीही वस्तू हलवायची नाही, हेही ठरलं.

मग येसाजी दाराशी उठून उभे राहिले. ते म्हणाले, "ह्ये समदं ठीक हाय. पर रातचं हिला काय झालं तर कोन उठंल?"

 भाविकाने लगेच आपली गादी नूतनच्या खोलीत हलवायचं ठरवलं. हेतल म्हणाली, हिच्या रक्तातली साखर अचानक उतरली तर द्यायला माझ्या पर्समध्ये साखर कायम असेल. रेक्टरबाईंनी इंजेक्शनची माहिती सगळ्यांना द्यायला डॉक्टरांना बोलवायचं कबूल केलं.

येसाजींनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी तिची पिशवी उचलली आणि तिच्या हातात परत दिली. एसटीला निघण्याआधी ते माझ्यापाशी आले, तळहाताने माझं दार दाबून नीट लागलंय ना ते पाहिलं आणि गेले. इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतर मुलींनी माझं सैल रबरही बदलून घेतलं. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी चारचौघांत राहायला जाल. तिथे एखादी अनोळखी पुरचुंडी वाटेत आली, तर ढकलण्याआधी तेवढं विचारा, ही कुणाची? कुणाचा तरी जीव तिच्यात असू शकतो.